शिकत्या मुलांचं रिटर्न: भरायचं का, आणि कुणाच्या कमाईचं?



जून-जुलै आला की आपल्याकडे दोन तयाऱ्या एकदम सुरू होतात, चातुर्मासाची आणि रिटर्नची. घरातल्या पुरुषांचे कागद सीएकडे पोहोचतात आणि जेवताना कुणीतरी विचारतं, “पोरीला यंदा स्टायपेंड मिळालाय, तिचंही रिटर्न भरायला लागेल का?” मग घरात जितकी माणसं तितकी मतं. एक म्हणतो, ती अजून शिकतेय, तिला कसला टॅक्स! दुसरा म्हणतो, बारा लाखांपर्यंत माफ आहे, बघायचंच कारण नाही. तिसरा म्हणतो, भरून टाका, पुढे फाईल उपयोगी पडते.

मी सीए नाही. बी.कॉम. होऊन चाळीस वर्षं उलटली, त्यानंतर घरच सांभाळलं. पण घरातले पैशाचे कागद मी कधी हातातून सोडले नाहीत. या तीन मतांपैकी पहिली दोन अर्धवट माहितीतून येतात. तिसरं मात्र मला मनापासून खटकतं. का खटकतं ते सांगतेच, पण आधी पहिल्या दोघांचं बघू.

‘ती अजून शिकतेय’

आपल्या आयकर कायद्यात ‘शिकणारा मुलगा’ किंवा ‘आईवडिलांवर अवलंबून असलेली मुलगी’ असा वेगळा कप्पाच नाही. रेशन कार्डावर ती आपल्या कुटुंबात असते, फी आपण भरतो, मेसचे पैसे आपण पाठवतो. आयकर खात्याच्या दृष्टीने मात्र अठरा वर्षं पूर्ण झाली की माणूस वेगळा, त्याचा पॅन वेगळा आणि हिशेबही वेगळा. ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत त्यांचा इथे हमखास गोंधळ होतो. तिकडे आईवडील आपल्या रिटर्नमध्ये शिकणाऱ्या मुलाला अवलंबित म्हणून दाखवू शकतात आणि अशा मुलासाठी रिटर्नच्या मर्यादाही निराळ्या असतात. तिकडचा सल्ला व्हॉट्सॲपवरून इकडे येतो आणि आपल्याला तो इथलाच वाटतो. आपल्याकडे तसं काही नाही. “तिचे पैसे मी माझ्या रिटर्नमध्ये दाखवून टाकतो” असं म्हणणाऱ्या वडिलांचा हेतू चांगला असेल, पण मुलगी सज्ञान असेल तर तिने कमावलेला स्टायपेंड हे त्यांचं उत्पन्न नव्हे.

अठराच्या आतल्या मुलांचा नियम वेगळा. त्यांच्या नावावरच्या ठेवींचं व्याज, आईवडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त असेल त्याच्या उत्पन्नात मिळवायचं असतं. जुन्या करपद्धतीत त्यातून मुलामागे वर्षाला १५०० रुपयांची सूट मिळते, नव्या पद्धतीत तीही नाही. पण लहान मुलाने स्वतःच्या कष्टाने किंवा कलेने कमावलेले पैसे, म्हणजे गाण्याच्या कार्यक्रमाचं मानधन, चित्रं विकून आलेली रक्कम, ही त्याचीच धरली जाते, आईवडिलांच्या उत्पन्नात जात नाही. मला हा नियम फार समजूतदार वाटतो. आपण ठेवलेले पैसे आपल्या खात्यात, आणि लेकराने स्वतः मिळवलेलं त्याच्या खात्यात.

‘बारा लाखांपर्यंत माफ आहे’

हा गैरसमज सगळ्यात जास्त पसरलेला आहे. टॅक्स लागत नाही आणि रिटर्न भरावं लागत नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मार्च २०२६ ला संपलेल्या वर्षासाठी नव्या पद्धतीत मूळ मर्यादा ४ लाख रुपये आहे. त्याच्या वर उत्पन्न गेलं की रिटर्न भरणं बंधनकारक. ४ ते १२ लाखांच्या मधला टॅक्स शून्य होतो तो रिबेटमुळे, आणि रिबेट आपल्याला मिळतो हे दाखवायचं कुठे? रिटर्नमध्येच. कुणी जुनी पद्धत निवडली तर मर्यादा अडीच लाखांची, आणि तीही विमा, पीपीएफ वगैरेंच्या वजावटी धरण्याआधीच्या उत्पन्नाला लावायची.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याच्या जागी नवा आयकर कायदा लागू झाला आहे, त्यामुळे कलमांचे आकडे बदलले. पण मार्च २०२६ पर्यंतच्या कमाईचा हिशेब जुन्या कायद्यानेच होतो, म्हणून घाबरून जाऊ नका.

आता शिकणाऱ्या किती मुलांची कमाई वर्षाला चार लाखांवर जाते? थोड्यांचीच. म्हणजे बहुतेक मुलांना रिटर्न भरण्याची सक्ती नाही, हे खरं आहे. शिक्षणाच्या खर्चासाठी मिळालेली शिष्यवृत्ती तर मुळातच करमुक्त असते. आपण त्यांना पाठवतो ते खर्चाचे पैसेही त्यांचं उत्पन्न नव्हे. आजी-आजोबांनी, मामा-मावशीने दिलेली रक्कमसुद्धा नातेवाइकांची भेट म्हणून करमुक्तच.

पण दोन-तीन ठिकाणी पाय अडखळतो. समजा, पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलीला सहा महिन्यांची इंटर्नशिप मिळाली, महिना ४५,००० रुपये. एकूण झाले २,७०,०००. कंपनीने ते व्यावसायिक फी म्हणून धरले आणि दहा टक्के टीडीएस कापला, म्हणजे २७,००० रुपये. उत्पन्न चार लाखांच्या आत आहे, टॅक्स शून्य आहे, तरीही तिला रिटर्न भरावंच लागेल. कारण वर्षभरात कापलेला टीडीएस आणि टीसीएस मिळून २५,००० किंवा त्याहून जास्त झाला की साठीच्या आतल्या व्यक्तीला रिटर्न बंधनकारक आहे. हा नियम कितीतरी घरांत माहीतच नसतो.

दुसरं ठिकाण म्हणजे मोबाईलवरून परदेशी शेअर घेणं. हल्ली मुलं खाऊच्या पैशातून अमेरिकेतल्या कंपन्यांचे शेअर घेतात. भारतात राहणाऱ्या माणसाच्या नावावर परदेशी मालमत्ता असेल तर उत्पन्न कितीही कमी असो, रिटर्न भरून ती दाखवावी लागते. आणि तिसरं क्रिप्टो. त्यातल्या नफ्यावर थेट ३० टक्के कर आहे. पोरगं शिकतंय, कमाई कमी आहे, म्हणून तिथे सवलत मिळत नाही. तेव्हा मुलाच्या हातात असलं ॲप असेल तर रागावू नका, पण विचारून घ्या.

सक्ती नसेल तरी भरावं का?

माझं मत असं की पैसे कापले गेले असतील तर नक्की भरावं. वरच्याच मुलीला महिना २५,००० मिळाले असते तर वर्षाचे दीड लाख झाले असते आणि टीडीएस १५,००० कापला गेला असता. तिला सक्ती नाही. पण ते १५,००० सरकारकडे तिच्या नावाने पडून आहेत आणि रिटर्न भरल्याशिवाय परत येणार नाहीत. “जाऊ दे, पंधरा हजारांसाठी कोण कटकट करणार” असं म्हणणारे लोक मी पाहिले आहेत. तेच लोक भाजीवाल्या मावशींशी पाच रुपयांसाठी घासाघीस करतात. पोरीने रात्री जागून काम केलंय, तिच्या घामाचा पैसा आहे, तो सोडायचा कशासाठी? मुदत हुकली असेल तरी ३१ डिसेंबरपर्यंत उशिराचं रिटर्न भरून रिफंड मागता येतो. ज्यांना रिटर्न बंधनकारक आहे त्यांना मात्र उशिराचं शुल्क पडतं, पाच लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला १००० रुपये. म्हणून वेळेवर भरलेलं बरं.

उलट एकही पैसा कापलेला नाही, उत्पन्न चार लाखांच्या बरंच आत आहे आणि वरच्यासारखं दुसरं काही कारण नाही, तर भरलं नाही म्हणून काही बिघडत नाही. खात्याची नोटीस येईल, मुलाची नोकरी अडेल, असं सांगून पाचशे-हजार रुपये घेणारे एजंट असतात, त्यांच्या नादी लागू नका. तसंच, एकदा भरलं की दरवर्षी भरावंच लागतं, हेही खरं नाही. दरवर्षीची परिस्थिती वेगळी आणि उत्तरही वेगळं.

‘फाईल उपयोगी पडते’

आता मूळ मुद्द्यावर येते.

आपल्या व्यापारी घरांतून एक पद्धत वर्षानुवर्षं चालत आलेली आहे. मुलगी अठरा वर्षांची झाली की तिचं पॅन कार्ड निघतं आणि त्याच वर्षापासून तिची ‘फाईल’ सुरू होते. कॉलेजात जाणारी पोर कागदावर शिकवण्या घेऊ लागते, नाहीतर शिवणकाम, नाहीतर मेंदी. उत्पन्न दरवर्षी मर्यादेच्या जरा खाली, म्हणजे टॅक्स शून्य. पाच-सहा वर्षांत कागदावर दहा-बारा लाखांचं भांडवल उभं राहतं आणि घरातली बिनहिशेबी रोकड तिच्या नावाने बँकेत जाते. लग्न ठरवताना “मुलीची फाईल आहे का?” हा प्रश्न मी स्वतःच्या कानांनी ऐकला आहे. दागिन्यांची यादी विचारावी इतक्या सहज विचारला होता. लग्नानंतर ती फाईल सासरच्या सीएकडे जाते आणि तिथे पुढे वाढते. जिच्या नावाची फाईल, तिला मात्र आपण गेली सहा वर्षं कुणाला काय शिकवतोय, याचा पत्ता नसतो.

याला लोक ‘प्लॅनिंग’ म्हणतात. मी याला खोटं बोलणं म्हणते, आणि तेही आपल्या लेकीच्या तोंडून. रिटर्नच्या शेवटी सत्यापन असतं, वरची माहिती खरी आणि पूर्ण आहे असं ती स्वतःच्या नावाने सरकारला सांगत असते. सही करायची नसते, मोबाईलवर ओटीपी येतो. तो मोबाईल बऱ्याचदा वडिलांचा किंवा भावाचा असतो. म्हणजे सज्ञान झाल्यावर पोरीचं सरकारपुढचं पहिलं निवेदनच खोटं, आणि ते तिने वाचलेलंही नाही. उद्या विचारणा झाली तर नोटीस वडिलांच्या नावाने येणार नाही. “तुमच्या विद्यार्थ्यांची नावं सांगा, फी कुठे जमा झाली ते दाखवा” असं विचारतील ते तिलाच. जाणूनबुजून खोटं सत्यापन केलं तर खटला भरता येतो, हे कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे.

काही जण मला म्हणतात, “काकू, पोरीच्याच भल्यासाठी तर करतो, तिच्या नावावर चार पैसे राहतात.” मला हे पटत नाही, कारण भलं करायला सरळ रस्ता कायद्यानेच दिलेला आहे. वडिलांकडे हिशेबातले दहा लाख असतील तर ते सज्ञान मुलीला भेट द्यावेत. बँकेतून द्यावेत, साध्या कागदावर भेटीची नोंद करावी. मुलीला त्यावर टॅक्स नाही. त्या पैशाचं व्याज त्यानंतर तिचं, वडिलांच्या उत्पन्नात ते मिळवलं जात नाही. तेवढं व्याज तिच्या चार लाखांच्या मर्यादेत आरामात बसतं. व्याजावर टीडीएस कापू नये म्हणून बँकेला वर्षाच्या सुरुवातीला फॉर्म देता येतो, आपण त्याला इतकी वर्षं पंधरा-जी म्हणत आलो. आपल्या दाखवलेल्या कमाईतून मुलीच्या नावाने घर घेतलं तर तेही बेनामी ठरत नाही. एवढं सगळं उघडपणे करता येत असताना खोट्या शिकवण्या कशाला लागतात? त्या लागतात फक्त तेव्हाच, जेव्हा मूळ पैसा दाखवण्यासारखा नसतो. मग मुलीचं भलं हा बहाणा झाला. पोरीचं नाव म्हणजे आपल्या गल्ल्याचा चोरकप्पा नव्हे.

आपण श्रावक-श्राविका अचौर्य अणुव्रताबद्दल ऐकतो. चोरी म्हणजे दुसऱ्याच्या घरातून वस्तू उचलणं, तेवढ्यावर आपलं समाधान होतं. तत्त्वार्थसूत्रात या व्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत त्यांत ‘विरुद्धराज्यातिक्रम’ हाही एक आहे. राज्याचे नियम ओलांडून व्यवहार करणं आणि त्यातून लाभ घेणं, असा त्याचा अर्थ मी स्वाध्यायात ऐकला. आचार्यांनी तो खोट्या वजनमापांच्या आणि भेसळीच्या रांगेत ठेवला आहे. म्हणजे हा विषय त्यांना दुकानदाराच्या रोजच्या जगण्यातला वाटला होता. आपण मात्र रात्री पाणी न पिण्याचा नियम कसोशीने पाळतो आणि लेकीच्या नावाची कागदावरची शिकवणी आपल्याला टोचत नाही. नियम सोडा असं मी म्हणत नाही. दोन्हीकडे तेवढीच कसोशी असावी, एवढंच.

मग करायचं काय?

मुलाला किंवा मुलीला स्वतः बसवा. माझ्या नणंदेच्या नातीने गेल्या वर्षी स्वतःचं रिटर्न स्वतः भरलं, सीएला फक्त एकदा दाखवून घेतलं. आयकराच्या पोर्टलवर तिचं लॉगिन तिच्या मोबाईल नंबरने आणि तिच्या ईमेलने असू द्या, पासवर्डही तिच्याकडेच. आधी वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस, उघडून बघायला सांगा. कुठून किती पैसे आले, किती कापले, बँकेने किती व्याज दिलं, ते बहुतेक सगळं तिथे दिसतं. तिच्या वहीतल्या आकड्यांशी ते जुळवायचं. न जुळलं तर ज्याने पैसे कापले त्याला विचारायचं. बचत खात्याचं व्याज दोनशे रुपये असलं तरी लिहायचं.

फॉर्म कुठला, हे मात्र सीएला विचारा. कंपनीने स्टायपेंड पगार म्हणून दाखवला असेल आणि बाकी साधंच असेल तर सोपा पहिला फॉर्म चालतो, पण व्यावसायिक फी म्हणून दाखवला असेल तर चालत नाही, आणि इथेच मुलं चुकतात. रिफंड यायचा तर बँक खातं पोर्टलवर पडताळलेलं हवं. रिटर्न पाठवल्यावर तीस दिवसांच्या आत त्याचं ई-सत्यापन करायचं, नाहीतर वेळेवर पाठवूनही उपयोग नाही. ओटीपी टाकण्याआधी सत्यापनाची ती चार ओळींची भाषा तिला मोठ्याने वाचायला लावा. आपण कशाखाली नाव घालतोय, हे कळायला हवं.

यात तिचा एक रविवार जाईल. पण टीडीएस म्हणजे काय, कंपनीने आपल्याला कोण म्हणून धरलं, आपल्या नावावर काय काय आहे, हे तिला त्या एका दिवसात कळतं. आमच्या पिढीतल्या कितीतरी बायकांना नवरा गेल्यावर पहिल्यांदा कळलं की आपल्या नावावर दोन दुकानं आणि एक कर्ज आहे. सह्या त्यांच्याच होत्या. ‘इथे सही कर’ म्हटलं की करायची, हीच रीत होती. आता सहीच्या जागी ओटीपी आलाय, रीत तीच ठेवायची का, हे आपण आयांनी ठरवायचं आहे.

तेव्हा या वर्षी घरात हा प्रश्न निघाला, तर ‘भरायचं का’ याच्या आधी ‘कमाई कुणाची’ हे विचारा. पोरीची खरी कमाई असेल, तर पाच हजारांची असली तरी तिची म्हणून मान द्या, आणि टीडीएस कापला असेल तर रिफंड तिच्याच खात्यात येऊ द्या. आणि कमाई तिची नसेल, तर तिच्या नावावर काहीही भरू नका. ज्यांच्या घरी अशी फाईल आधीच सुरू आहे, त्यांनी निदान या वर्षी नवं खोटं पान जोडू नये आणि मागच्याचं काय करायचं ते चांगल्या सीएला मोकळेपणाने विचारावं. मुलीला समोर बसवून विचारावं, कारण नाव तिचं आहे.

जय जिनेंद्र.